तीन पुरुष पाण्याखाली

माणूस बुडाला असं वाटलं तेव्हा सिद्धाप्पा काठावर बसून भाकरी खात होता.

धरणाच्या पाण्यात, काठापासून जरा आत, एका बाभळीचा शेंडा तेवढा वर राहिला होता. त्याला धरून एक माणूस मघापासून तरंगत होता. बघता बघता त्यानं हात सोडला, पाय वर केले आणि तो खाली गेला. सिद्धाप्पानं दोन घास खाल्ले. माणूस वर येईना. आणखी एक घास त्यानं हातातच धरून ठेवला. मग भाकरी फडक्यावर टाकली, बूट काढले, सदरा काढला आणि तो कमरेएवढ्या पाण्यात शिरतोय तोच बाभळीजवळ पाणी फुटलं आणि डोकं वर आलं.

"ओ मामा! काय चाललंय?" सिद्धाप्पा ओरडला.

थोडा वेळ धापा टाकून माणूस सावकाश पोहत काठाला आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. नाकाखाली रक्ताचा ओघळ होता आणि डाव्या कानावर त्यानं तळवा घट्ट दाबून धरला होता.

त्या तळव्याचा अर्थ सिद्धाप्पाला लगेच कळला. त्याचा स्वतःचा उजवा कान असाच गेला होता.

सिद्धाप्पा मंगळवेढ्याकडचा. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. वर्षातले आठ महिने चाऱ्यापाण्यासाठी फिरणाऱ्या त्या घरातला हा पोरगा नेव्हीत गेला आणि पाणबुड्या झाला. पाठीला हवेची टाकी बांधून जहाजांच्या बुडाशी जायचं, काय अडकलं असेल ते काढायचं, फुटलं असेल ते बघायचं. एकदा सर्दी अंगावर काढून तो खोल उतरला आणि कानाचा पडदा फाटला. नेव्हीनं सोडलं. आता तो सोलापूरच्या एका ठेकेदाराकडे होता. धरणाच्या दरवाजांशी पाण्याखाली लाकूडफाटा अडकला, लोखंडी जाळी निसटली, की याला बोलवायचे. त्याची आई मायाक्का लोकांना सांगायची, "पोरगा धरनावर पानी सोडतो." तिला यापलीकडे समजावणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"खाली काय हाय मामा?" त्यानं विचारलं.

"माजी नाव," तो माणूस म्हणाला.

त्याचं नाव महिपती. भीमेवर बाभुळघाटाला त्याच्या बापाची नाव चालायची आणि बापामागं त्याची. उन्हाळ्यात नदी आटली की नावेला काम नसायचं. लाकूड उन्हात ठेवलं तर फळ्या तडकतात, म्हणून दर उन्हाळ्यात तो नावेत दगड भरून तिला घाटाखालच्या डोहात बुडवून ठेवायचा आणि पावसाळा लागला की दगड काढून वर घ्यायचा. त्या वर्षीही त्यानं तेच केलं. धरणाचं पाणी आपल्यापर्यंत यायला दिवाळी उलटेल असं सगळं गाव धरून चाललं होतं. पण वरच्या अंगाला पाऊस झाला आणि दोन रात्रींत पाणी घाटाच्या पायऱ्या चढून देवळाच्या ओट्याला लागलं. महिपती तेव्हा घराचे पत्रे आणि म्हशी माळावरच्या नव्या वस्तीवर नेण्यात गुंतला होता. परत आला तेव्हा घाट नव्हता. बाभळीचा शेंडा होता.

"नाव तितंच हाय. तीन पुरुष पानी हाय वर," महिपती म्हणाला. "एका दमाला एक दगड काडतो. कवा दोन."

"उन्हाळ्यात पाणी उतरंल की."

"न्हाय उतरत तिथवर. डोह हाय त्यो. आन पुडच्या पावसाळ्यात भिंत आनखी वर जानार. मंग तिला कोन बगनार?"

सिद्धाप्पानं उरलेली भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "असंच करत राहिला तर नाव वर यायच्या आदी तुमचे कान जातील. माझा ह्यो बघा, गेलाय. ह्या बाजूनं तुमी बोललासा तर मला कळत न्हाय."

महिपतीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तो खाल्ला नाही. पाण्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पा टाकी बांधून एकटाच उतरला आणि नाव बघून आला. ती वाळूवर जराशी कलून बसली होती. वर छप्पर नाही, आत कोंडी नाही, कुठं तार नाही. पाणी संथ आणि थंडीचे दिवस असल्यानं बऱ्यापैकी नितळ. नव्या माणसाला हे काम शिकवायला याहून चांगली जागा त्यानं मुंबईतही बघितली नव्हती. ठेकेदाराचे इंजिनिअर मल्लिकार्जुनसाहेब बरेच दिवस म्हणत होते की नदी माहीत असलेला एखादा मदतनीस तयार कर. त्यानं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "रविवारी शिकव. टाक्या वापर. फक्त माणूस सांभाळ."

महिपतीच्या घरी ही गोष्ट त्याच्या बायकोला, सारजाबाईला, अजिबात आवडली नाही. तिचा भाऊ ज्ञानबा अकलूजला साखर कारखान्यात होता. त्यानं महिपतीसाठी तिथं राखणदाराची जागा बोलून ठेवली होती. पाडव्याला कामावर यायचं ठरलं होतं.

"अवो, पाडवा किती लांब हाय?" ती म्हणाली. "तीन म्हैनं गप बसवत न्हाय व्हय तुमास्नी?"

"तीन म्हैन्यांत नाव वर काडतो. मंग जाऊ."

"वर काडून काय करनार? अकलूजला नेनार?"

महिपतीनं कंदिलाची काच पुसायला घेतली.

पहिला धडा काठाजवळ, बसलं तर मान बुडेल एवढ्या पाण्यात झाला. सिद्धाप्पानं त्याच्या डोळ्यांवर काच बसवली, कमरेला शिशाचा पट्टा आवळला, पाठीला टाकी बांधली आणि रबरी नळीचं तोंड त्याच्या दातांत दिलं.

"आता डोकं खाली घाला, आन नुसता श्वास घ्या, सोडा. घ्या, सोडा. बस. दुसरं काय करायचं न्हाय."

महिपतीनं डोकं खाली घातलं आणि श्वास कोंडून बसला. नळीतून एक बुडबुडा आला नाही. सिद्धाप्पानं त्याला वर ओढलं.

"मामा, श्वास कोंडायचा न्हाय."

"पान्यात श्वास कसा घेनार?"

"हवा पाठीवर हाय की तुमच्या!"

"त्ये कळतं मला. पर तोंड आपूआप मिटतं."

लहानपणापासून महिपतीचं नाव होतं ते याच एका गोष्टीसाठी. काठावर कुणी बिडी पेटवली आणि महिपती बुडाला, तर बिडी विझली तरी तो वर येत नसे. पुरात वाहून जाणारी माणसं, जनावरं त्यानं त्या दमावर ओढून काढली होती. आता हा परका माणूस सांगत होता की ते सगळं विसरा. आणि तो नुसतं सांगत नव्हता, दर वेळी सांगत होता. "पाण्याखाली कायबी होऊ दे, श्वास थांबवायचा न्हाय. दुसरं सगळं विसरला तर चालंल."

तीन रविवार गेले तेव्हा कुठं महिपतीच्या तोंडातून सरळ, एकसारखे बुडबुडे यायला लागले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात, हेही तो शिकला. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा तो पाण्यातून वर येऊन लहान मुलासारखा हसला. "आरं, दुकत न्हाय की! ह्ये माज्या बाला ठाव असतं तर..."

चौथ्या रविवारी दोघं बाभळीपाशी गेले. डांबराची रिकामी पिंपं आणि फळ्या बांधून सिद्धाप्पानं एक तराफा केला होता. महिपतीच्या कमरेला दोर बांधायचा होता आणि त्याचं दुसरं टोक तराफ्यावर धरायला कुणीतरी हवं होतं. वस्तीवरचे बाप्ये रविवारी टेंभुर्णीच्या बाजाराला गेलेले. महिपती सारजाबाईकडे बघत राहिला.

"मी न्हाय," ती म्हणाली. "मला पान्याचं भ्या वाटतं."

"मामी, एक झटका आला म्हंजे ठीक हाय. लई झटके आले की ओढायचं," सिद्धाप्पा म्हणाला. "एवढंच काम."

ती तराफ्याच्या मधोमध बसली, पदर खोचला आणि दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला. सबंध वेळ तिनं डोळे दोरावरून हलवले नाहीत.

खाली गेल्यावर महिपतीला आधी वाटलं, आपण घरी आलो. हिरवट उजेड होता. बाभळीचं खोड सरळ खाली गेलेलं, आणि त्याच्या पलीकडे घाटाच्या दोन पायऱ्या, त्यांवर गाळाचा मऊ थर. आणि नाव. तिच्या काठावर शेवाळ धरलं होतं. पुढच्या टोकाला, नाळेतल्या कडीजवळ एक मोठा मरळ मासा उभा होता, तो यांना बघून निघून गेला. महिपतीनं काठावर हात ठेवला. बोटांखालून शेवाळ निघालं आणि त्याच्या बापानं ठोकलेला लोखंडी पत्रा लागला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. नळी तोंडात असल्यामुळे नुसता घुमल्यासारखा आवाज आला आणि बुडबुडे वर गेले. शेजारी सिद्धाप्पा हात हलवून खुणावत होता: श्वास, श्वास.

त्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं. पुढच्या रविवारी दगड काढायला सुरुवात केली. एका दमात एक दगड काढणाऱ्या माणसाला आता दगडामागून दगड उचलता येत होते. तो दगड नावेच्या काठावरून बाहेर लोटायचा आणि वळून दुसरा घ्यायचा. वर आला की सारजाबाईला सांगायचा, "निम्मं डावं आंग मोकळं झालं." ती म्हणायची, "बरं झालं. आंग पुसा आदी." पण दोर धरायला ती आता न सांगता येऊन बसत होती.

महाशिवरात्रीच्या आसपासचा रविवार असेल. डाव्या बाजूचे दगड संपत आले आणि उजवीकडचे तसेच, त्यामुळे नाव एकाएकी कलली. मोठा धोका नव्हता. ती वीतभर सरकली असेल. पण तिच्या पोटाखालचा गाळ उसळून वर आला आणि क्षणात सगळं तपकिरी झालं. महिपतीला स्वतःचा हात दिसेना. एक दगड घरंगळत येऊन त्याच्या पायाच्या बोटांवर पडला. त्या क्षणी सगळे धडे त्याच्या डोक्यातून गेले आणि अंगानं ते केलं जे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्यानं छाती भरून घेतली, तोंड घट्ट मिटलं आणि पाय मारून वर सुटला.

सिद्धाप्पाला गढूळ पाण्यात फक्त एक पाय वर जाताना दिसला. वर बुडबुडे नव्हते. त्यानं झेप घेऊन घोटा पकडला, महिपतीला खाली ओढलं आणि त्याच्या पोटात जोरानं बुक्की मारली. महिपतीच्या तोंडातून हवा भसकन बाहेर पडली. मग त्याच्या पट्ट्याला धरून, दर हातभर वर गेलं की पोट दाबत, सिद्धाप्पा त्याला हळूहळू वर घेऊन आला.

सारजाबाईच्या हातातला दोर आधी ढिला पडला, मग ताणला, मग पुन्हा ढिला पडला. झटका एकही आला नाही. ती तराफ्यावर उभी राहून दोर ओढत असताना दोघं वर आले.

महिपती तराफ्यावर पालथा पडून खोकत होता. सिद्धाप्पानं चांगला कान त्याच्या पाठीला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिला. या खांद्याखाली, त्या खांद्याखाली. "खोका. थुंका. बघू." थुंकीत रक्त नव्हतं. मग मात्र तो कडाडला.

"काय सांगितलं हुतं मी? काय सांगितलं हुतं?"

"आंग ऐकत न्हाय माजं," महिपती म्हणाला.

"मामा, तुमी वरनं श्वास भरून खाली जाता तवा गोष्ट निराळी. तो वर येताना हाय तेवढाच ऱ्हातो. टाकीतली हवा खाली पाण्याच्या दाबात घेतलेली असती. ती कोंडून वर आलासा की छातीत फुगती. फुगून फुगून छाती फाटती माणसाची! तीन पुरुष पाण्यात बी फाटती!" त्यानं कमरेचा पट्टा सोडून फळ्यांवर टाकला. "बास. आता न्हाय. हे काम तुमचं न्हाय."

त्यानं टाक्या जीपमध्ये टाकल्या आणि तो गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धरणावर चौकशी केल्यावर कळलं, तो सोलापूरला ठेकेदाराच्या वर्कशॉपात आहे.

महिपती पाण्याकडे गेला नाही. पुन्हा एका दमाची बुडी मारायलाही गेला नाही. पत्र्याच्या घरात खांबाला टेकून बसायचा. जेवायला वाढलं की जेवायचा. सारजाबाईनं अकलूजचा विषय काढला की म्हणायचा, "जाऊ की." भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

एका सकाळी तिनं शेजारच्या कस्तुराबाईला म्हशी बघायला सांगितलं आणि ती एकटीच सोलापूरच्या एस.टी.त बसली. सोलापूर तिनं एकदाच बघितलं होतं, तेही सासऱ्याला दवाखान्यात आणलं तेव्हा. सिद्धाप्पा एकदा बोलता बोलता म्हणाला होता की आपली खोली नवी पेठेत, बांगड्यांच्या दुकानावर. नवी पेठेत बांगड्यांची दुकानं काय एक होती? ती टांग्यांतून वाट काढत विचारत फिरली. एका जिन्यावर चढली तर तिथं तेलुगू बोलणारं एक विणकर कुटुंब जेवत होतं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पाणबुड्याची खोली बोटानं दाखवली.

सिद्धाप्पा दारात बसून काचेच्या रबरी पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावत होता. तिला बघून तो झटकन उठला. "मामी? मामा बरे हायेत न्हवं?"

"बरं हायेत. खात्यात, पित्यात." ती उंबऱ्यात टेकली. तिनं पिशवीतून शेंगाची चटणी आणि भाकऱ्या काढून पुढं ठेवल्या. मग म्हणाली, "त्यास्नी परत खाली न्या."

"न्हाय मामी. माझ्या हातात मेले असते ते."

"मेले न्हाईत की. तुमी धरला."

"दुसऱ्या टायमाला धरता आलं न्हाय तर?"

"खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "नाव बुडाली तवा मला बरं वाटलं हुतं. लगीन करून मी त्याच नावंतनं आले, ओकत आले. पूर आला की ह्यो मानूस नाव घिऊन जायचा आन मी घाटावर बसायची. पोरं पोटात आसताना बी बसले. मला वाटलं, चला, सुटले एकदाची. पर आता घरात बसून तो पत्र्याकडं बगतो. अकलूजला न्हेला तर तितं गेटावर बसून बी तसाच बगंल. मग मी काय करू त्याला?"

सिद्धाप्पा ठिगळावर अंगठा दाबून बसला होता. तो म्हणाला, "घाबरला की श्वास कोंडतात. ते जात न्हाय मामी. म्या लई बघितलेत असे. चांगला पोहणारा असतो त्याचंच जात न्हाय."

"वर येताना हवा सोडत यायची, एवडंच न्हवं?"

"व्हय. आऽऽ करत यायचं सबंध."

सारजाबाई एकदम म्हणाली, "मग त्यास्नी 'आलो' म्हनायला सांगा."

"काय?"

"पल्याडनं कुनी हाळी दिली की ह्ये अल्याडनं उत्तर द्यायचे. 'आऽऽऽलो' म्हनून. पल्याड ऐकू जाईस्तवर. एका दमात. पूर असू दे, रात असू दे. झोपंत बी वरडत्यात कवाकवा. ते काय शिकवायला नगो."

सिद्धाप्पानं पुढ्यातली भाकरी मोडली.

रविवारी तो आला. महिपतीला त्यानं सोलापूरची हकीकत सांगितली नाही, सारजाबाईनंही नाही. आधी काठाजवळ गळाभर पाण्यात बसवलं, छाती भरून घ्यायला लावली आणि म्हणाला, "मामा, पल्याड माणूस उभा हाय. हाळी देतोय. उठत उठत उत्तर द्या." महिपतीला ते वेडेपणाचं वाटलं. पण डोकं बुडवून तो उठता उठता ओरडला, आणि नळीतून बुडबुड्यांचा लोटच्या लोट निघाला. सिद्धाप्पानं पुन्हा करायला लावलं. मग छातीभर, मग पुरुषभर पाण्यात. मग त्याच्या काचेवर हात ठेवून, त्याला काही दिसू न देता. शेवटी बाभळीच्या खोडाला धरून खालपर्यंत नेलं आणि अचानक त्याचा पाय धरून हिसडला. महिपती दचकला. तोंड मिटलं. सिद्धाप्पाचा हात बुक्की मारायला मागं गेला होता, तेवढ्यात ती घुमणारी हाळी सुरू झाली आणि महिपती बुडबुड्यांच्या मधून सावकाश वर निघाला.

तराफ्यावर सारजाबाईनं पाण्यावर फुटणारे बुडबुडे बघितले. ती पहिल्यांदाच मोकळेपणानं हसली.

उजवीकडचे दगड पाडव्याच्या आधी संपले. मग सिद्धाप्पानं तराफा सुटा केला आणि त्याचीच पिंपं कामाला घेतली. पाणी भरून ती खाली नेली, नावेच्या दोन्ही अंगांना तोंडं खाली करून बांधली. दोघांनी एकेका पिंपाखाली नळी धरून हवा सोडायला सुरुवात केली. आता सारजाबाई वस्तीवरच्या एका कोळ्याच्या होडीत बसून दोर धरत होती. काठावर पन्नासेक माणसं जमली होती.

आधी काहीच झालं नाही. मग नावेची नाळ गाळातून सुटली. मागचा भाग धरून बसला होता. महिपतीनं खांदा लावला. आणि ती उठली. घाई न करता, जड म्हैस उठते तशी, आधी पुढून, मग मागून. गाळाचा ढग पसरला. पुन्हा सगळं तपकिरी झालं, पुन्हा हात दिसेना. सिद्धाप्पा अंदाजानं त्याच्याकडे झेपावला. पण ढगातून त्याला ती हाळी ऐकू आली, चांगल्या कानानं. नाव वर चालली होती आणि तिच्या काठाला धरून महिपती ओरडत वर चालला होता.

पिंपांच्या मधोमध नावेचा काळा काठ पाण्याबाहेर आला. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग एकदम गलका झाला.

नाव धड नव्हती. मागची एक फळी गेली होती, दुसरी कुजली होती. पाणी उपसून, ओढून ती काठावर घेतली आणि उन्हानं तडकू नये म्हणून तिच्यावर ओली पोती टाकली. सुतार आला, काथ्या आणि डांबर आलं. महिपती पहाटेपासून तिथंच असायचा. मल्लिकार्जुनसाहेबांनी निरोप पाठवला की मदतनीसाची जागा आहे, यायचं का. त्यानं सिद्धाप्पाला सांगितलं, "साहेबास्नी नमस्कार सांग. खालचं काम तुजं. मी वरचा मानूस."

अकलूजचं मात्र ठरायचं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी ज्ञानबाचा माणूस विचारायला आला. महिपतीनं बायकोकडे बघितलं. शब्द दिला होता आणि तो मोडायला तो तयार नव्हता. सारजाबाई चुलीपुढून उठली. गेले दोन महिने ती तराफ्यावर बसली होती आणि पलीकडचा काठ तिला दिसत होता. तिथं माणसं यायची, पाण्याकडे बघायची आणि परत फिरायची. पाणी पसरल्यापासून पलीकडच्यांना दवाखान्याला, बाजाराला सगळा वळसा घालून यावं लागत होतं.

"दादाला सांगा," ती म्हणाली, "औंदा न्हाय. एक वरीस बगतो. लोक आले तर आले. न्हाय आले तर पुडच्या पाडव्याला मीच ह्यास्नी घिऊन येते."

महिपतीनं मान खाली घातली आणि मिशीतल्या मिशीत हसला.

लोक आले. फार नाही, पण आले.

वैशाखात सिद्धाप्पाचं इथलं काम संपलं. ठेकेदारानं त्याला कर्नाटकात दुसऱ्या धरणावर पाठवायचं ठरवलं होतं. जायच्या आधी तो निरोप घ्यायला आला, तेव्हा नाव पलीकडे निघायच्या बेतात होती. महिपती म्हणाला, "बस रं. एकदा वरनं बी बग पानी." सिद्धाप्पा बूट हातात घेऊन चढला आणि पाहुण्यासारखा मधल्या फळीवर बसला. महिपतीनं वल्हं टेकवलं. बाभळीचा शेंडा मागं गेला.

थोड्या वेळानं सिद्धाप्पाच्या पायांना गार लागलं. त्यानं खाली बघितलं. नव्या फळीच्या सांध्यातून पाणी आत येत होतं. तो काही विचारणार तोच सारजाबाईनं डालड्याचा एक रिकामा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"नुसतं बसू नगा," ती म्हणाली. "उपसा."